काल संध्याकाळी दाणे टिपत होती, सकाळी खुराड्यात मेलेली! कोंबडी अचानक का मेली ते कसं शोधायचं?

परसातली कोंबडी अचानक मेली की घरात ठरलेली वाक्यं ऐकू येतात. एक तर "मर आली", नाहीतर "कुणीतरी काहीतरी घातलं", आणि उन्हाळा असेल तर "उष्णता लागली". ह्यातलं कुठलंही खरं असू शकतं, पण तपासल्याशिवाय कळत नाही आणि तपासायचा वेळच आपण घालवून बसतो, कारण कोंबडी मेलेली दिसली की पहिलं काम म्हणजे तिला उकिरड्यावर फेकणं आणि दुसरं काम म्हणजे खुराडा झाडून धुऊन काढणं, म्हणजे जो काही पुरावा होता तो तासाभरात गेला. मग चार दिवसांनी दुसरी कोंबडी मरते तेव्हा आपण परत शून्यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे की मेलेल्या कोंबडीचं पोट उघडण्याआधी पाच-सहा प्रश्न विचारले तर निम्म्याहून जास्त शक्यता तिथंच बाद होतात आणि उरलेलं काम डॉक्टरांना सोपं जातं. प्रश्न साधे आहेत. किती मेल्या? किती वयाच्या? दिवसा की रात्री? अंगावर मांस होतं की वाळलेली होती? आणि गेल्या दोन-चार दिवसांत घरात, शेतात, खाण्यात, हवेत काय बदललं? लॅबचा रिपोर्ट आला तरी ह्या उत्तरांशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कोंबडी आजार लपवते. ती शिकार होणारी जात आहे, शिवाय कळपातली अशक्त कोंबडी बाकीच्यांच्या टोची खाते, त्यामुळे अंगात त्राण आहे तोवर ती दाण्यावर येणार, माती उकरल्यासारखं करणार, चोच आपटणार. नीट बघितलं तर कळतं की ती उकरते पण गिळत काही नाही. म्हणून "अचानक मेली" म्हणतो त्यातल्या बऱ्याच कोंबड्या तीन-चार दिवस आधीपासून आजारी असतात, फक्त आपल्याला दिसलेलं नसतं. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की एकेकीच्या छातीच्या वर, गळ्याच्या बुडाशी असलेली दाण्याची पिशवी हाताने चाचपून बघायची सवय लावा. संध्याकाळी ती भरलेली पाहिजे आणि सकाळी सोडताना रिकामी. संध्याकाळी रिकामी म्हणजे दिवसभर खाल्लं नाही, सकाळी भरलेली आणि घट्ट म्हणजे खाल्लेलं पुढे सरकलं नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

आता पहिला प्रश्न, किती मेल्या. दहातली एकच मेली आणि बाकीच्या नऊ जणी ठणठणीत आहेत, आठवडा झाला तरी ठणठणीत आहेत, तर बहुतेक वेळा तो त्या एकीचा स्वतःचा घोटाळा असतो, म्हणजे अंडं अडकलं, यकृत फुटलं, आतड्यात काही रुतलं, हृदय बंद पडलं किंवा साप चावला. एका दिवसात किंवा रात्रीत, एकाच वेळी चार-पाच मेल्या आणि उरलेल्या नॉर्मल, तर विष, ऊन किंवा शिकारी. आणि आज एक, परवा दोन, मग चार, मग शेजारच्या वाड्यातल्या, असा आकडा चढत गेला तर ती साथ. रोग एका पक्ष्यातून दुसऱ्यात जायला वेळ घेतो, विषाला तसा वेळ लागत नाही, त्यामुळे मरणाच्या वेळांमधलं अंतर हाच मोठा पुरावा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख आणि आकडा लिहून ठेवा, आठवणीवर जाऊ नका.

इथेच एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, डोकं सुजलं, तुरा निळा-जांभळा पडला, पायावर लाल-जांभळे डाग आले, किंवा त्याच दिवसांत आसपास कावळे, बगळे मेलेले दिसले, तर हात लावू नका, पोट तर अजिबात उघडू नका, आणि सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ ह्या टोल फ्री नंबरवर कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या तेव्हाही तपासणीत तोच निघाला. नमुन्यांची पक्की तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. लोक कळवायला घाबरतात कारण पॉझिटिव्ह आलं की आजूबाजूच्या १ किलोमीटरमधले पक्षी मारावे लागतात. भीती समजते मला, ज्याच्या घरात त्या पाच कोंबड्यांवर अंड्यांचा खर्च निघतो त्याला ती असणारच. पण २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने असा संशय कळवणं मालकावर बंधनकारक आहे, नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळण्याची सोय सरकारी योजनेत आहे, आणि मुख्य म्हणजे हा विषाणू माणसाला होऊ शकतो, घरात लहान पोरं त्याच अंगणात खेळत असतात. गप्प बसून काही वाचत नाही.

असं काही नसेल, एखाद-दुसरीच मेली असेल, तर हातात प्लॅस्टिकची पिशवी किंवा ग्लोव्हज चढवा, तोंडाला रुमाल बांधा आणि आहे तिथंच, आहे तशी, मोबाईलवर दोन-तीन फोटो काढा. कुठं पडली होती हे फार सांगून जातं. बसायच्या दांडीच्या खाली पालथी पडली म्हणजे झोपेत किंवा पहाटे गेली. अंडी घालायच्या पाटीत मेली म्हणजे अंड्याचा संबंध आधी तपासा. पाण्याच्या भांड्याजवळ मेली तर ताप, ऊन किंवा खारट काहीतरी. पाय ताणून, पंख पसरून, आजूबाजूची माती उकरलेली असेल तर झटके आले होते.

मग उचलून बघा. माझ्या मते बाहेरून करायच्या तपासणीत सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे छातीचं मधलं उभं हाड. त्याच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवा. मांस भरलेलं, हाड जेमतेम लागतंय, तर कोंबडी खरोखरच झटपट मेली आहे. हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलंय तर ती अचानक मेलेली नाहीच, ती कित्येक दिवस झुरत होती, पिसांमुळे आपल्याला दिसलं नाही. एवढ्या एका चाचपणीने कारणांचे दोन ढीग वेगळे होतात. वाळलेल्या ढिगात येतात जंत, उवा-गोचीड, मरेक्ससारखे गाठींचे आजार, बरेच दिवसांची हगवण, टीबी. भरलेल्या ढिगात येतात ऊन, विष, यकृत फुटणं, अंडं अडकणं, कॉलरा, मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) जोरदार झटका.

पुढे तुरा बघा, पांढरा फट्ट पडलाय म्हणजे रक्त गेलंय, ते शरीराबाहेर गेलं असेल किंवा पोटातल्या पोटात. काळा-निळा म्हणजे रक्ताभिसरण किंवा श्वास कोंडला, पण मेल्यावर काही तासांनी बहुतेक तुरे काळपटतातच, तेव्हा त्यावरून घाई नको. तसंच शरीराची खालची बाजू जांभळी दिसते तो मार नसतो, मेल्यावर रक्त खाली उतरतं. पोटावरची कातडी हिरवट झाली तर ते विष नाही, सडायला सुरुवात झाली आहे. पिसांमुळे कोंबडीच्या अंगातली ऊब बाहेर पडत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या हवेत ती फार लवकर सडते. ह्या हिरव्या-जांभळ्या रंगांवरून "बघा, विषच घातलं" म्हणून भावकीत भांडणं झालेली मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

चोच उघडून बघा, चिकट लाळ आहे का, रक्त आहे का. मान कशी आहे बघा. शेपटाखालची जागा बघा, पिसं हिरव्या-पांढऱ्या शिटेने चिकटलेली आहेत का, आतला लाल भाग बाहेर आलाय का, दुसऱ्या कोंबड्यांनी तिथं टोचलंय का. आणि पिसं उलटी फुंकून कातडी बघा. मुंगूस मान आणि डोक्याशी चावतं, कुत्रा झटकून मारतो आणि बऱ्याचदा खात नाही, अंगभर दाताच्या खुणा आणि ओली पिसं राहतात. घार पिल्लू उचलूनच नेते, मागे काही ठेवत नाही. नाग चावला तर खूण सापडेलच असं नाही, पण खुराड्यातली अंडी किंवा पिल्लं गायब असतील तर तो विचार करा आणि आधी टॉर्च लावून खुराडा बघा, मगच हात घाला.

आता भरलेल्या अंगाची, एकटी मेलेली कोंबडी घेऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आमच्या भागातल्या एका वहिनींची गिरिराज जातीची कोंबडी, चांगली तीन किलोच्या आसपास, अंगाने गोल, रोज अंडं देणारी, सकाळी पाटीतच मेलेली. त्यांचं ठाम मत की पलीकडच्यांनी उंदराचं औषध टाकलं, कारण आदल्याच आठवड्यात कोंबड्यांनी त्यांची मेथी उकरली म्हणून वाद झाला होता आणि तेव्हापासून कोंबड्या कोंडूनच होत्या. नशिबाने ती फेकली नाही, तालुक्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तुरा बघितला, पांढरा. पोट उघडलं तर कातडीखाली आणि आतड्यांभोवती बोटभर जाड पिवळी चरबी, आणि यकृत, जे गडद तपकिरी आणि टणक असायला पाहिजे, ते पिवळं, तेलकट, बोट लावलं तर तुटणारं. त्याच्या कडेला एक चीर आणि पोटात गोठलेल्या रक्ताची मोठी गुठळी. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "ताई, काय घालता हिला?" वहिनी म्हणाल्या, "साहेब, भात, चपाती, मका, जे आम्ही खातो ते सगळं, उपाशी कधी ठेवलं नाही." साहेब म्हणाले, "तेच झालंय."

ह्याला चरबीचं यकृत म्हणा. अंडं देणाऱ्या कोंबडीचं यकृत तसंही जोरात चालतं कारण पिवळ्या बलकातली चरबी तिथं तयार होते. वरून भात, मका, कण्या, चपाती असं पिठूळ खाणं भरपूर आणि फिरणं बंद झालं की जास्तीची चरबी यकृतातच साठत जाते, ते फुगतं, नाजूक होतं, आणि उन्हाळ्यात किंवा अंडं घालताना जोर लावला की फुटतं. मग आतल्या आत रक्त जाऊन काही मिनिटांत कोंबडी संपते. बाहेरून एक थेंब दिसत नाही. रोग नाही, विष नाही, शेजारी तर नाहीच. प्रेमाने खाऊ घालणाऱ्या घरात हे जास्त दिसतं, म्हणून वाईट वाटतं. उपाय म्हणजे दिवसाचं मुख्य खाणं लेअरचं (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार) खाद्य किंवा भरड्यात पेंड-सुकट मिसळून केलेलं प्रोटीनचं मिश्रण, सोबत हिरवा पाला आणि मोकळं फिरणं, आणि भात-चपाती फक्त तोंडी लावण्यापुरती.

अंड्याचा दुसरा घोटाळा कॅल्शियमचा. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि कवच चढायला २० तासांच्या आसपास लागतात, त्यातलं बरंचसं काम रात्री होतं, म्हणजे नेमकं तेव्हा कोंबडी काही खात नसते. खाण्यातून मिळालं नाही तर ती स्वतःच्या हाडातून काढते. हे रोज रोज झालं की एक दिवस रक्तातलं कॅल्शियम इतकं उतरतं की स्नायू चालत नाहीत, पाय लुळे पडतात, अंडं आत अडकतं, हृदय थांबतं, आणि सकाळी खुराडा उघडल्यावर मेलेली कोंबडी मिळते. आधीची खूण म्हणजे पातळ कवचाची, खरबरीत किंवा नुसत्या पडद्याची अंडी. अंडं अडकलेली जिवंत सापडली तर ती शेपूट खाली सोडून, पाय फाकवून ताठ उभी राहते, जोर लावते, शीट अडते. कोमट पाण्यात खालचा भाग वीसेक मिनिटं बुडवून, तेलाचं बोट फिरवून, अंधाऱ्या शांत जागी ठेवली तर बऱ्याचदा अंडं येतं, पण पोट दाबून ते फोडायचा प्रयत्न करू नका, आत कवच टोचलं की जंतू पसरून ती जातेच. कोकणात शिंपल्या कुटून घालायची पद्धत जुनी आहे आणि ती अगदी बरोबर आहे, वेगळ्या वाटीत ठेवायच्या, जिला हवं ती खाते. पिल्लांना मात्र लेअरचं खाद्य देऊ नका, एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही.

आता साथीकडे. मानमोडी म्हणजे राणीखेत सगळ्यांना माहिती आहे, हिरवी हगवण, तोंड उघडं टाकून श्वास, पंख पाडून बसणं, आणि चार-सहा दिवस टिकली तर मान पिळणं, गोल फिरणं, लंगडणं. लस न दिलेल्या कळपात जोरदार विषाणू शिरला तर मान पिळायच्या आधीच दोन-तीन दिवसांत खुराडा रिकामा होतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. हिरवी शीट म्हणजे मानमोडीच असं नाही, उपाशी राहिलेल्या कुठल्याही कोंबडीची शीट पित्तामुळे हिरवी होते. आणि मान वाकडी म्हणजेही मानमोडीच असं नाही. मानमोडीत मान पिळलेली, ताठ असते. मान पूर्ण ढिली, जमिनीवर पसरलेली, पापण्या मिटलेल्या, पाय-पंख लुळे, अशी असेल तर बॉट्युलिझमचा, म्हणजे सडक्या मांसातल्या जंतूंच्या विषबाधेचा, संशय घ्या. झुडपात कुठेतरी मेलेलं उंदीर-मांजर सडत असतं, त्यातल्या अळ्या कोंबड्या चवीने खातात आणि त्या अळ्यांमध्ये ते विष साठलेलं असतं. अशा वेळी लस शोधत बसण्यापेक्षा परसात वास कुठून येतो ते शोधा.

कोंबड्यांचा कॉलरा हा आणखी एक साथीचा आजार, माणसाच्या कॉलऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. मोठ्या, अंगाने भरलेल्या कोंबड्या धडाधड मरतात, कधी कधी मरण हेच पहिलं लक्षण. उघडल्यावर यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके आणि हृदयावरच्या चरबीत बारीक रक्ताचे ठिपके दिसतात. हा बॅक्टेरियाचा आजार असल्याने डॉक्टरांनी वेळेत औषध दिलं तर उरलेल्या वाचतात, मानमोडीला मात्र औषध नाही, म्हणून दोन्हीतला फरक करणं कामाचं आहे. वयाचा प्रश्न इथे उपयोगी पडतो. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पेंगून, पांढरी हगवण होऊन मरतायत तर गंबोरो, त्याच सुमाराची पिल्लं रक्ताची शीट टाकतायत आणि खालची जमीन, भुसा ओला आहे तर रक्ती हगवण म्हणजे कॉक्सी, आणि तीन-चार महिन्यांच्या तलंगेचा एक पाय पुढे एक मागे जातोय, वाळत चालली आहे तर मरेक्स.

विषाचं सांगायचं तर मुद्दाम घातलेल्या विषापेक्षा घरच्याच विषाने जास्त कोंबड्या मरतात असं माझं निरीक्षण आहे. पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेलं गुलाबी-लाल बियाणं अंगणात सांडतं, सोयाबीन, मका, भुईमूग, आणि कोंबडीला ते दाणेच. फोरेट ह्या कीटकनाशकावर आता देशात बंदी आहे पण जुना पुडा कुठल्यातरी वळचणीला असतोच. अशा कोंबडीच्या गळ्याच्या पिशवीत ते रंगीत दाणे अजून तसेच सापडतात, तोंडाला लाळ, आणि मरण खाल्ल्यावर थोड्या वेळातच. उंदराची काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाईड, पोटातल्या आम्लाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो, म्हणून असा संशय असेल तर पिशवी फाडून वास घ्यायला जाऊ नका, तो वायू तुम्हालाही लागतो. दुसऱ्या प्रकारच्या उंदराच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत, त्यात कोंबडी दोन-चार दिवसांनी, आतून रक्तस्राव होऊन मरते, त्यामुळे "आज तर काही टाकलं नव्हतं" हे उत्तर पुरेसं नसतं, मागच्या आठवड्यात काय टाकलं होतं ते विचारा.

मिठाचं विष कुणाच्या डोक्यात येत नाही. खारवलेल्या सुकटीचा चुरा, लोणच्याचा खार, फरसाणाचा चुरा एकदम भरपूर पडला आणि नेमकं त्या दिवशी पाण्याचं भांडं कोरडं राहिलं तर पिल्लं आधी आणि मग मोठ्या मरतात. बुरशीचं विष तर अजून लपून काम करतं. पावसात ओलावलेला मका, गाठी झालेली शेंगदाणा पेंड ह्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, कुणाला कारण कळेना, शेवटी ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडलं, आणि ह्या विषाची ओळखच जगाला तिथून झाली. जो मका आपण बुरशी आली म्हणून खात नाही तो कोंबड्यांना टाकायचा ही पद्धत बंद करायला हवी. त्यांच्या यकृतालाही हे विष बाधतं.

उन्हाबद्दल थोडक्यात. कोंबडीला घाम येत नाही, तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशाच्या आसपास असतं, आणि हवा ३८-४० च्या वर गेली की धापा टाकण्याशिवाय तिच्याकडे उपाय उरत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खुराड्यात दुपारी तीन ते सहा ह्या वेळेत मेलेली, जाडजूड, चोच उघडी, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम कोंबडी दिसली तर फार लांब शोधू नका. पत्र्यावर ओली पोती, बाजूने हवा, गार पाणी, आणि दुपारी खाणं बंद करून पहाटे व संध्याकाळी खाणं.

वाळलेल्या कोंबडीसाठी रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या फटी, दांडीची टोकं, भिंतीच्या भेगा बघा. लाल माइट आणि गोचीड दिवसा तिथं लपतात आणि रात्री रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडीच्या अंगावर काहीच सापडत नाही. गोचिडीमुळे एक तापाचा आजारही होतो, हिरवी शीट, पेंगणं, मानमोडीसारखाच दिसतो पण पेनिसिलिनने बरा होतो. जंतांचं म्हणाल तर बोटभर लांबीचे गोल जंत आतड्यात गच्च भरलेले निघतात, दर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून औषध दिलं तर ही वेळ येत नाही.

आता डॉक्टरांकडे न्यायची तर कशी. मेल्यावर जितक्या लवकर तितकं बरं, शक्यतो त्याच दिवशी. आधी सांगितलेली पिसांची ऊब घालवण्यासाठी साबणाच्या गार पाण्याने पिसं भिजवा, दोन पिशव्यांत घट्ट बांधा आणि बर्फासोबत थर्मोकोलच्या डब्यात ठेवा. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठल्याने आतल्या पेशी फुटतात आणि बारीक खुणा दिसेनाशा होतात. घरच्या खाण्याच्या फ्रीजमध्ये तर नकोच. मेलेली आणि सोबत एखादी नुकतीच आजारी पडलेली जिवंत, अशा दोन्ही नेल्या तर फारच उत्तम. विषाचा संशय असेल तर गळ्याच्या पिशवीसकट पूर्ण कोंबडी आणि अंगणातले संशयित दाणे वेगळ्या पुडीत न्या. तालुक्याच्या दवाखान्यात पोस्टमॉर्टेम होतं, गरज पडली तर नमुने पुढे पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात. काही वेळा सगळं करूनही कारण सापडत नाही, हृदय किंवा मेंदूत झालेली गडबड उघड्या डोळ्यांना दिसत नाही, पण तेव्हाही "मानमोडी नाही, कॉलरा नाही, यकृत चांगलं आहे" एवढं कळलं तरी उरलेल्या कोंबड्यांसाठी ते मोलाचं असतं.

आणि कृपा करून, मेलेली किंवा मरायला टेकलेली कोंबडी घाईने कापून खाऊ नका, शेजाऱ्याला स्वस्तात देऊ नका, पाहुण्यांसोबत दुसऱ्या गावी तर मुळीच पाठवू नका. गावागावांत मानमोडी पोहोचते ती बऱ्याचदा अशीच, आठवडी बाजारात घाईने विकलेल्या कोंबड्यांमधून. मेलेली कोंबडी विहिरी-ओढ्यापासून लांब, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची.

साथीने मेल्या असतील तर नवीन पक्षी लगेच आणू नका. खुराडा खरवडून, धुऊन, चुना मारून, उन्हात उघडा ठेवून तीन-चार आठवडे रिकामा राहू द्या, आणि नंतरही बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी, वेगळ्या भांड्यात. लसीचा मोठा प्रॉब्लेम असा की बाटली शंभर किंवा जास्त डोसची येते आणि आपल्याकडे पक्षी आठ, त्यात एकदा विरघळवलेली लस दोनेक तासांत संपवावी लागते, त्यामुळे एकटा माणूस ती आणतच नाही. म्हणून वाडीतल्या, गल्लीतल्या लोकांनी एक दिवस ठरवायचा, पशुधन पर्यवेक्षकांना आधी सांगून ठेवायचं, बर्फातून बाटली आणायची आणि पहाटेच, कोंबड्या डालग्याखाली असतानाच, सगळ्यांच्या एकदम उरकायच्या. पिल्लांना पाचव्या-सातव्या दिवशी डोळ्यात-नाकात लासोटाचा (मानमोडीच्या लसीचा) थेंब, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो, चौथ्या आठवड्यात परत लासोटा, आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली आर-टू-बी ह्या मानमोडीच्याच दुसऱ्या लसीचं इंजेक्शन, त्याच्या मागेपुढे देवीची लस. त्या दिवशी पेंगणारी कोणी असेल तर तिला लस द्यायची नाही, ती वेगळी काढून ठेवायची आणि आलेल्या डॉक्टरांना दाखवायची.